लोड आला की पीसी रीस्टार्ट, आणि चार जणांचे चार सल्ले

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. असेंबल केलेला नवा पीसी आहे. ब्राउझर, एक्सेल, सिनेमा सगळं नीट चालतं. गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की दहा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. दुकानदार म्हणाला, विंडोज नव्याने टाका. टाकली. सोसायटीतला आयटीवाला मुलगा म्हणाला, रॅम बदला. बदलली. घरी येणारा रिपेअरवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, आणि यूट्यूबवर कोणीतरी थर्मल पेस्ट सांगितली आहे. पैसे गेले, दोन शनिवार गेले, दोष जिथल्या तिथे.

सल्ला देणारे सगळे लबाड असतात असं नाही. ज्याच्या हाताशी जे असतं ते तो सुचवतो. दुकानात विंडोजचा पेनड्राइव्ह तयारच असतो. मुलाकडे जुन्या मशीनची रॅम पडून असते. रिपेअरवाल्याला बोर्ड बदलणं दोष शोधण्यापेक्षा सोपं जातं. यातल्या एकानेही मशीन बंद पडताना पाहिलेलं नसतं आणि नोंद मागितलेली नसते. म्हणून आधी नोंद तयार करायची, मग ती घेऊन माणूस शोधायचा. चांगला सल्लागार ओळखायचाही तोच मार्ग आहे: नोंद समोर ठेवली की जाणकार त्यात डोकं घालतो, बाकीचे ती बाजूला सारतात.

विचारायला जाण्याआधी

पहिली गोष्ट फुकट आहे. 'सिस्टीम प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड', त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'. तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. आता विंडोज कोसळली तर निळी स्क्रीन कोडसह समोर थांबून राहील, फोनवर फोटो काढता येईल. टिक काढूनही निळी स्क्रीन न दिसता मशीन थेट रीस्टार्ट झालं, तर विंडोजला काही नोंदवायची उसंतच मिळालेली नाही. मग संशय घरचा वीजपुरवठा, एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय), प्रोसेसर आणि बोर्ड यांच्याकडे वळतो. विंडोज नव्याने टाकायचा सल्ला इथेच बाद होतो.

दुसरी नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये, 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टीम'मध्ये. तिथे लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही ओळ हमखास सापडते. नावात पॉवर आहे म्हणून 'पॉवरचा प्रॉब्लेम आहे, एसएमपीएस बदला' असं सांगणारा माणूस नीट ओळखून ठेवावा. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. लाईट गेली तरी ४१, पॉवर बटण दाबून धरलं तरी ४१. उपयोगाची माहिती त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये असते. तिथे 'बगचेककोड'पुढे (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदलीच गेली नाही. दुसरा आकडा असेल तर नोंदली गेली, आणि तो आकडा शोधता येतो. त्याच्या आसपास 'व्हिया-लॉगर १८' (WHEA-Logger) दिसलं तर प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची गंभीर चूक कळवली आहे. अशा वेळी रॅमच्या वेगाचं सेटिंग, प्रोसेसरचं व्होल्टेज, बायोसची (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि खुद्द प्रोसेसर यांची तपासणी आधी.

मशीन नेमकं कसं बंद पडलं, हे शब्दांत लिहा. 'बंद पडतो' एवढ्यावर कोणीच निदान करू शकत नाही. खट् आवाज होऊन सगळं थंड झालं, आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय उठतच नाही: एसएमपीएसचं संरक्षण सर्किट पडलं, म्हणजे लोड जास्त किंवा कुठेतरी शॉर्ट. स्क्रीन काळी, ग्राफिक्स कार्डचे पंखे पूर्ण वेगात, पण आवाज चालू: कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा ड्रायव्हर. दर वेळी वेगळ्या कोडची निळी स्क्रीन: रॅम. दर वेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हर फाइल: तो ड्रायव्हर. लोड नसताना, चहा प्यायला उठल्यावर रीस्टार्ट: हे एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या काही मशीनवर दिसतं. बायोसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे सेटिंग 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवून बघायचं.

वेळही लिहा. संध्याकाळी सोसायटीचा पंप किंवा लिफ्ट सुरू होते तेव्हाच रीस्टार्ट होत असेल, तर ते वहीतल्या चार ओळींवरून कळतं. पार्ट बदलून कधीच कळत नाही.

एका संध्याकाळची तपासणी

क्रम महत्त्वाचा आहे. पैसे न लागणारं आधी, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन चाललं तर नक्की काय चुकत होतं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

यूपीएस काढा, मशीन थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटला लावा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मिळून लोड त्याच्यावर गेला की तो मान टाकतो. पावसाळ्यात लाईट लपलपते तेव्हा जुन्या बॅटरीचा यूपीएस बॅटरीवर जातानाच मशीन पाडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे व्होल्टेजचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. हे मोजायला इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः हात घालू नका.

मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करा. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉक, म्हणजे मूळ वेगापेक्षा वाढवलेला, असतो. डीडीआर५ प्रकारच्या रॅमचा मूळ वेग ४८०० पासून सुरू होतो. दोन कांड्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. चार कांड्यांवर रायझन ७००० साठी एएमडीने दिलेला वेग ३६०० आहे, आणि कोटेशनमध्ये '६००० मेगाहर्ट्झ, चार कांड्या' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. एक्सएमपी बंद केल्यावर दोष गेला म्हणजे रॅम खराब, असंही लगेच ठरवू नये. प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर तो वेग पेलत नसेल. रॅम तपासणाऱ्या 'मेमटेस्ट८६'ची मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, रात्रभर लावून ठेवा. एकही चूक निघाली तरी ती एक चूक जास्तच. नंतर एकेक कांडी लावून पुन्हा.

आता लोड. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं 'एचडब्ल्यूइन्फो' चालू ठेवून तीन टप्पे: फक्त प्रोसेसरवर 'सिनेबेंच' दहा मिनिटं, फक्त कार्डवर 'फरमार्क' दहा मिनिटं, मग दोन्ही एकत्र, ज्यासाठी 'ओसीसीटी'ची पॉवर चाचणी आहे. एकेकटे पास आणि एकत्र नापास, तर बोट एसएमपीएसकडे. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर तिसरा टप्पा करूच नका, जाताना तो बोर्डही घेऊन जाऊ शकतो. त्याऐवजी 'आफ्टरबर्नर' या प्रोग्रॅममध्ये कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि नेहमीचा गेम तासभर खेळा. रीस्टार्ट थांबले तर दोष वीज पुरवण्यात आहे, आणि हे कळायला एक रुपयाही लागला नाही. उलट 'फरमार्क' पास झालं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. तो लोड एकसारखा असतो. गेममध्ये कार्ड सेकंदाच्या अगदी छोट्या भागासाठी उसळी मारतं आणि कमकुवत एसएमपीएस तिथेच पडतो.

तापमानाचा बाऊ फार होतो. रायझन ७००० तर ९५ अंशांपर्यंत चालायलाच बनवला आहे, आणि आजचे प्रोसेसर मर्यादेला पोचले की आधी वेग कमी करतात. थेट बंद पडणं ही शेवटची पायरी. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलं, किंवा पंख्याची वायर 'सीपीयू फॅन'ऐवजी दुसरीकडेच लावली, हे मात्र खरोखर घडतं. तेवढं उघडून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसून परत बसवणं हा 'डिस्प्ले येत नाही' यावर चांगला उपाय आहे. लोडवरच्या रीस्टार्टला त्याने क्वचितच फरक पडतो.

एसएमपीएसचं लेबल

कॅबिनेटची बाजू उघडा आणि टॉर्च मारून लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत '४५० वॉट'. खालच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे त्यांच्यासाठी या एसएमपीएसची ताकद २१६ वॉट, ४५० नाही. आता खर्च मांडा. आय५-१२४०० एफ प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७ वॉटपर्यंत घेतो, आरटीएक्स ३०६० कार्डचा आकडा १७० वॉट. बेरीज २८७, त्यात बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क धरलेलीच नाही. ब्राउझर नीट का चालतो आणि गेम का नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे साधारण ५४० वॉट.

'८० प्लस ब्राँझ' किंवा 'गोल्ड' हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. संरक्षण सर्किटं किती चांगली आहेत, व्होल्टेज किती स्थिर आहे, याबद्दल तो बोलत नाही. त्यासाठी 'सायबेनेटिक्स'सारख्या संस्था मॉडेलवार मोजणी करून अहवाल प्रसिद्ध करतात. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून तिथे बघा. मल्टिमीटर असेल तर लोडवर असताना एसएमपीएसच्या चार-पिनी मोलेक्स कनेक्टरची पिवळी आणि काळी तार मोजा. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. आत असलं तरी क्षणिक उसळीतली घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही, हे लक्षात ठेवून.

कार्डला दोन आठ-पिनची कनेक्शनं लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली घ्या. एकाच केबलला शेपटीसारखा लटकलेला दुसरा कनेक्टर वापरणं हेही रीस्टार्टचं कारण असतं. तपासणीसाठी मित्राचा एसएमपीएस आणलात तर त्याच्या केबलीही त्याच्याच लावा. मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटी होणाऱ्या) केबलचं एसएमपीएसकडचं टोक सगळ्यांचं सारखं दिसतं, पण आतली तारांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. चुकीच्या केबलने एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जळतात.

कोणाचं ऐकायचं

वरची नोंद हातात घेऊन दुकानात जा. काउंटरवरचा संवाद बहुधा असा होतो:

"साहेब, इकडे लावून बघितला, एकदम ओके आहे. तुमच्या घरच्या लाईटचं बघा."

"दादा, कशावर लावून बघितलात?"

"हे काय, विंडोज उघडली ना."

विंडोजचा डेस्कटॉप उघडायला असं मशीन जेमतेम ५०-६० वॉट घेतं. ती चाचणीच नव्हे. म्हणावं, "माझ्याच कार्डवर 'फरमार्क' दहा मिनिटं लावून दाखवा, मी थांबतो." जो लावतो तो दुकानदार जपून ठेवावा, चारशे-पाचशे रुपये महाग असला तरी. ठाण्याहून दादरला उतरून गाडी बदलत ग्रँट रोडला जायचं, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पार्ट परत करायला रांग लावायची आणि 'सर्व्हिस सेंटरला टाका' ऐकून परत यायचं, यात अर्धा दिवस जातो. तो हिशेब किमतीत धरलेला नसतो. रविवारी तर तिथली बहुतेक दुकानं बंदच असतात.

माणूस ओळखताना पदवी किंवा फॉलोअर पाहू नका. तो उत्तर देण्याआधी विचारतो का, हे पाहा. प्रोसेसरचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, एसएमपीएसचं नाव, बंद पडायची पद्धत. यातलं काहीच न विचारता पार्ट सांगणारा अंदाज करतोय. मग एकच प्रश्न टाका: "हे बदलूनही दोष राहिला तर काय समजायचं?" ज्याला विषय कळतो त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं, कारण त्याने पुढची पायरी आधीच मनात मांडलेली असते. तो स्वतः तोच पार्ट विकतो म्हणून लगेच बाद करायची गरज नाही. दोष गेला नाही तर परत घेईल का, एवढं लिहून मागा.

सल्ल्याचं वयही पाहावं. 'एएमडी तापतो, इंटेलच घ्या' हे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एफएक्स प्रोसेसरबद्दल खरं होतं. ते वाक्य तेव्हापासून तोंडातोंडी चालत आलंय, मधल्या काळात प्रोसेसर पूर्ण बदलले. 'बॉटलनेक'ची (कोणता पार्ट बाकीच्यांना मागे खेचतो त्याची) टक्केवारी काढून देणाऱ्या वेबसाइट्स तर सोडूनच द्या. गेम कोणता, रिझोल्यूशन किती हे धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जाणकारही कसे चुकतात याचा मोठा नमुना म्हणजे इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा गोंधळ. गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश देऊन कोसळायचे. साहजिकच सगळे ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरच्या मागे लागले. दोष प्रोसेसरचा निघाला: जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन तो कायमचा झिजत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये '०एक्स१२९' हा मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला, सप्टेंबरमध्ये '०एक्स१२बी', आणि आपल्या यादीतल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून आय७-१३७०० के किंवा आय९-१४९०० केवर असा त्रास असेल, तर बायोसची तारीख न विचारता कार्ड बदलायला सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. सेकंड हँड घेताना तर हा प्रश्न पहिला.

पुढच्या वेळी, कोटेशन घेतानाच

'आय५, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ५५० वॉट एसएमपीएस, कॅबिनेट आरजीबी.' या ओळीत किंमत सोडून काहीच ठरलेलं नाही. आय५-३४७० हा २०१२ चा, चार कोरचा. आय५-१२४०० हा २०२२ चा, सहा कोर आणि बारा थ्रेडचा. दोन्ही 'आय५'च. पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम एक कांडी की दोन, हे लिहिलेलं नाही. एकच दिली तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन कांड्यांनी एकदम काम करणं, गेलं. एसएसडी साटा प्रकारची असेल तर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई कितीतरी पुढे जाते, आणि एम.२ या छोट्या पट्टीच्या आकारात दोन्ही मिळतात. एसएमपीएसवर ब्रँडच नाही, म्हणजे वर सांगितलेलं लेबल तुमची वाट बघतंय. प्रत्येक ओळीत कंपनी, मालिका आणि पार्ट नंबर लिहून मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान. रॅम बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये आहे का, हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर पाच मिनिटांत कळतं.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्यावा. खोक्यातल्याला इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे'मधला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. त्याची वॉरंटी बहुधा विकणाऱ्याच्या शब्दावर असते. बाहेरून आणलेल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही, म्हणून वितरकाचं स्टिकर आणि कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून येणारी वॉरंटीची तारीख दोन्ही काउंटरवरच पाहा.

'जीएसटी वाचतो' म्हणून कच्चं बिल घेणं सगळ्यात महागात पडतं. १८ टक्के वाचतात आणि वॉरंटीचा पुरावा जातो. पक्कं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, आणि तिथे न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या पार्टसाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात आहेत आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये, एवढं अर्ज भरताना बघा. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर छापलेला नसेल तर काउंटर सोडण्याआधी पेनाने लिहून घ्या, शेजारी दुकानाचा शिक्का आणि सही.